गोवर मुलांना, दोष आयांना

गोवराची साथ आली की आधी गुन्हेगार शोधला जातो, आणि तो सापडायला फार वेळ लागत नाही. आई असते ना!

2022 च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफीनगरात एकाच घरातली तीन मुले दोन दिवसांत दगावली. पाठोपाठ मुंबईच्या इतर वस्त्या, भिवंडी, मालेगाव असा गोवर पसरत गेला. मृत मुलांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. इथपर्यंत वस्तुस्थिती. त्यानंतर सुरू झाली ती टीका : 'पालकांची उदासीनता', 'अशिक्षितपणा', 'त्या समाजातले गैरसमज'. पालक हा शब्द नुसता नावाला. लसीचे कार्ड कुठे आहे, असे बापाला कोण विचारते? जाब द्यायचा तो आईने. आणि ती मुसलमान असेल तर तिच्या जोडीने साऱ्या जमातीने.

एक गोष्ट आपण निःसंदिग्धपणे सांगायला हवी. गोवराची लस हवीच. नवव्या महिन्यात पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा आजार. संरक्षण नसलेल्या वस्तीत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. म्हणून 95 टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्याशिवाय साथ रोखता येत नाही. 'देवी आली आहे, औषध नको' असे कोणी म्हणत असेल तर तिच्याशी बोलावे लागेल, वादही घालावा लागेल. त्यात संकोच नको.

पण बोलण्याआधी तिची भीती कुठून आली ते समजून घेऊ. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण गरीब वस्त्यांत अजून पुसलेली नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांत बायकांना पुरेशी माहिती दिली जात नाही, म्हणून स्त्री संघटना 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. तो लढा सुईविरुद्ध नव्हता. न सांगता, न विचारता बाईच्या शरीराचा वापर करण्याविरुद्ध होता. तो लढलेल्या आपणच आज 'अडाणी बाया लस घेत नाहीत' या सुरात सूर मिसळणार का? गोवराची लस वेगळी आहे, ती मुलाचा जीव वाचवते, हे आपण सांगू शकतो. सांगण्याचा अधिकारही आपल्याला आहे, कारण खोटे सांगितले जात होते तेव्हा आपण गप्प बसलो नव्हतो.

आता भीती बाजूला ठेवू. भीती नसलेल्या आईचे काय होते ते पाहू. गोवंडीतली बाई घरी बसून जरीकाम करते, मोजून नगावर पैसे मिळतात. लसीच्या दिवशी दोन मुलांना घेऊन ती केंद्रावर गेली, रांगेत बसली, की त्या दिवसाची कमाई गेली. गोवराची बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका मुलासाठीही ती उघडावी असा नियम आहे. तरीही 'मुले कमी आहेत, पुढच्या वेळी या' असे ऐकून परतलेल्या बायका आपल्या बैठकांना येतात. त्यांची नोंद कुठे होते? यादीत मूल 'लस न घेतलेले' एवढेच राहते. परत पाठवले कोणी, याला रकाना नाही.

आणि रोग आला की उपदेश : मुलाला वेगळे ठेवा. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत गोवर पसरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे. वेगळे ठेवायचे कुठे? देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी, कुपोषणात वाढणाऱ्या मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया आणि जुलाब त्याला गाठतात. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. 2022 ची साथ आकाशातून पडलेली नाही.

शिवाय 2020 मध्ये काय झाले ते आठवा. टाळेबंदीत नेहमीची लसीकरण सत्रे कोलमडली. वस्तीत घरोघर जाणाऱ्या आरोग्य सेविकांना कोविडच्या सर्वेक्षणाला जुंपले. तेव्हा जी मुले लसीवाचून राहिली, त्यांच्या आयांनी सत्रे बंद केली होती का?

या सेविका कोण? त्याही बायकाच. मुंबईत त्यांना 'स्वयंसेविका' म्हणायचे, गावात 'आशा'. म्हणजे पगार द्यायला नको, मानधन पुरे! वर्षाच्या आत मुलाचे लसीकरण पूर्ण झाले तर आशाला मिळणारा प्रोत्साहन भत्ता ठरला 100 रुपये. त्यासाठी ती त्या घराचा उंबरा किती वेळा झिजवते? जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या, 2023 मध्ये पुन्हा गेल्या. लस घेणारी आई बेजबाबदार आणि लस पोचवणारी बाई बिनपगारी, अशी ही व्यवस्था. गोवर-रुबेला निर्मूलनाची मुदत मात्र 2020 वरून 2023 वर आणि तिथून 2026 वर ढकलली गेली. त्याबद्दल कोणाला उदासीन म्हटले गेले?

साथ आल्यावर शासनाने धावपळ केली. केंद्रीय पथक आले, जादा मात्रा दिल्या, जीवनसत्त्व 'अ' वाटले. हे करता येते, हे त्यातूनच सिद्ध झाले. मग ते मुले मेल्यावरच का?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असोत. लसीकरण संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, वस्तीतच व्हावे. एकाही मुलाला परत पाठवू नये. पाठवले तर त्याची लेखी नोंद व्हावी. कार्ड हरवले, पत्ता बदलला, झोपडी तुटली, या कारणाने लस नाकारू नये. आजारी मुलापाशी बसणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. आरोग्य सेविका आणि आशा यांना कामगाराचा दर्जा आणि वेतन मिळावे. 1983 मध्ये कृष्णन समितीने झोपडपट्ट्यांत 50 हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र सुचवले होते. मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीत किती लोकांमागे एक केंद्र आहे, तेवढे मोजा आणि तो आकडा घेऊन वॉर्ड ऑफिसात जा.

तिथे कोणी विचारलेच, 'बायका मुलांना आणत का नाहीत?', तर उलट विचारा : तुम्ही त्यांच्या दारी शेवटचे कधी आला होता?