लेबर रूममध्ये बापाचं काय काम?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की बायको जाते आणि मग एक दिवस नवऱ्याला निरोप येतो, 'सुटका झाली, दोघं सुखरूप आहेत.' माझ्या बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आठ दिवसांचा होतो. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आईलाही नाही. घरात आजी होती, मावशी होती, शेजारच्या काकू होत्या.

इथे न्यू जर्सीत यातलं कोणीच नसतं. सासूबाईंचं विमान मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी उतरणार होतं. त्यामुळे आजी, मावशी, काकू, सगळं मीच. हॉस्पिटलने आधी आम्हा होणाऱ्या आईबापांचे वर्ग घेतले. प्लॅस्टिकच्या बाहुलीला डायपर लावणं, कळा येताना कंबर कशी दाबायची, कार सीट कशी बसवायची, असं सगळं. (कार सीट नसेल तर बाळाला घेऊन गाडीने घरी निघता येत नाही.) मी इंजिनिअर माणूस, कळांच्या वेळांची एक्सेल शीटसुद्धा तयार केली होती. नर्सने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने बायकोच्या पोटावर हात ठेवला आणि तिलाच विचारलं, कसं वाटतंय.

आणि इथेच खरी अडचण झाली. माझी बायको एरवी ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते, पण कळा वाढल्यावर तिच्या तोंडून फक्त मराठी येऊ लागलं. 'पोटात नाही रे, माकडहाडात कळ येतेय, पाठ फुटेल असं वाटतंय.' मी ते नर्सला सांगितलं. तिने तपासलं, बाळाचं तोंड वरच्या बाजूला असावं म्हणाली आणि बायकोला गुडघ्यांवर ओणवं व्हायला लावलं. अर्ध्या तासाने पाठीचा ताण जरा कमी झाला. पुढे एकदा बाळाचे ठोके मंदावले, एकदम चार माणसं खोलीत आली, मला कोपऱ्यात सरकवलं. ती दोन-तीन मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येणार नाही. ठोके परत आले. एकोणीस तासांनंतर मुलगी झाली, नाळ मी कापली. 'आठ,' नर्स म्हणाली आणि चार मिनिटांनी 'नऊ'. तो अ‍ॅपगार स्कोअर. तो 1952मध्ये सुचवणाऱ्या व्हर्जिनिया अ‍ॅपगार याच न्यू जर्सीत जन्मलेल्या भूलतज्ज्ञ.

सगळंच गोड होतं असं नाही. बाळंतिणीपुढे बर्फाचं पाणी आणून ठेवलं! व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मी केटलमध्ये पाणी गरम केलं आणि तो विषय संपवला.

पण मला म्हणायचंय ते वेगळंच. 'अमेरिकेत काय, चालतं सगळं,' असं म्हणून गावाकडची मंडळी हे सोडून देतात. अमेरिकेतही हे पहिल्यापासून नव्हतं. साठच्या दशकापर्यंत इथला बाप बाहेर बाकावर सिगारेटी ओढत बसायचा. लमाझ पद्धतीचे वर्ग सुरू झाले, बायकांनी नवरा सोबत हवा असा हट्ट धरला, तेव्हा सत्तरच्या दशकात दारं उघडत गेली.

भारतात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, आणि नवऱ्याला प्रवेश जिथे खासगीपणा राखता येईल तिथेच. ही अट मला पटते. एकाच हॉलमध्ये चार टेबलं असतील तर बाकीच्या तिघींचा विचार आधी. पण पुण्या-नाशिकच्या खासगी मॅटर्निटी होममध्ये स्वतंत्र खोलीचे पैसे मोजूनही दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही' ही पाटी कशासाठी? तिथे अडचण जागेची नाही, सवयीची आहे. आणि ही सवय डॉक्टरांपेक्षा आपल्या घरातच जास्त. 'तिथे पुरुषाचं काय काम?' हे मला माझ्या आईनेच विचारलं होतं.

अर्थात, शेवटचा शब्द बाळंतिणीचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018मध्ये म्हटलंय तेही तेच, सोबत तिच्या पसंतीच्या माणसाची. तिला आई हवी असेल, नवरा नको असेल, तर नवऱ्याने गुमान बाहेर बसावं.

रजेच्या बाबतीत मात्र अमेरिकेचं कौतुक मी करणार नाही. 1993च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि तेही पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत. न्यू जर्सीत 2009पासून पगाराचा काही भाग मिळतो म्हणून मी घरी राहू शकलो. टेक्सासमधला माझा मित्र आठव्या दिवशी कामावर होता. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत मात्र सगळं कंपनीच्या मर्जीवर.

माझ्या मावसभावाची बायको चैत्रात बाळंत होणार आहे, सांगलीला. त्याला सांगून ठेवलंय, आधी तिला विचार तू हवा आहेस का. हो म्हणाली तर आत्ताच डॉक्टरांशी बोल, कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालू नकोस. कंबर कशी दाबायची ते मी व्हिडिओ कॉलवर दाखवीन.