चोर बी.टी. आणि अकोटचा सत्याग्रह



मृग तोंडावर आला की आमच्या कार्यालयात दोन तऱ्हेची माणसे येतात. कपाशीचे कोणते बियाणे घ्यावे हे विचारणारी एक, आणि घेऊन झालेले बियाणे कोणते आहे हे विचारणारी दुसरी. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांच्या हातात बॅग असते, पावती नसते.

चार वर्षांपूर्वी असेच एक आबा आले होते. वय साठीच्या पुढे, डोक्याला पटका, हातात रिकामी बॅग. जुलै संपत आला होता. त्यांनी मोटारसायकलवर फिरणाऱ्या एका माणसाकडून ‘तणावर चालणारी’ सरकी घेतली होती. ही पेरली की खुरपणी नको, सरळ तणनाशक मारायचे. गवत जळते आणि कपाशी उभी राहते, असे त्या माणसाने सांगितलेले. आबांनी तीन एकरांत टोकण केली, पाऊस बरा झाला, गवत माजले, तसे ग्लायफोसेट मारले. आठवड्याभरात सगळे शिवार पिवळे पडले.

"साहेब, गवतासंगं पऱ्हाटी बी गेली. माझी तक्रार लिहून घ्या."

मी कागद ओढला आणि हात थांबला. तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? पावती नाही, लॉट नंबर नाही, बॅगेवर छापलेल्या नावाची कंपनी कुठे आहे याचा पत्ता नाही. शिवाय तक्रार लिहायची म्हणजे आबांनी बंदीचे बियाणे पेरले हे आबांच्याच सहीने लिहायचे. मी हे सांगितले तेव्हा त्यांनी बॅगेची घडी घातली आणि विचारले, "मग त्या अकोटवाल्यांनी पेरलं तवा पेपरात फोटो आले, भाषणं झाली. त्यांचं बी आणि माझं बी येगळं हाय का?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

अकोटवाले म्हणजे शेतकरी संघटनेची मंडळी. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे ललित बहाळे यांच्या शेतात हजारावर शेतकरी जमले आणि त्यांनी एच.टी.बी.टी. कपाशी व बी.टी. वांगे यांची जाहीर लागवड केली. आधी सांगून, झेंडे लावून, वार्ताहरांना बोलावून. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट यांचे म्हणणे असे की जगातला शेतकरी जे तंत्रज्ञान वापरतो ते आम्हाला का नाही? शरद जोशींनी २००१ साली हीच भूमिका घेतली होती. तेव्हा गुजरातेत हजारो एकरांवर मान्यता नसलेली बी.टी. कपाशी सापडली आणि ती उपटून जाळण्याचा हुकूम निघाला. जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे २६ मार्च २००२ रोजी बी.टी. कपाशीला रीतसर मान्यता मिळाली.

२०१९ साली मात्र मान्यता आली नाही, पोलीस आले. डझनभर लोकांवर गुन्हे दाखल झाले. त्यात पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ होता. पुष्कळांना वाटते की बियाण्याचा आणि पर्यावरणाच्या कायद्याचा काय संबंध? संबंध असा की या कायद्याखाली १९८९ साली नियम झाले, आणि त्या नियमांनुसार परके जनुक घातलेले कोणतेही पीक दिल्लीतल्या समितीच्या परवानगीशिवाय मोकळ्या शेतात लावता येत नाही. नियम कंपनीला आणि दोन एकरवाल्याला सारखाच. तेव्हा या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली. १ एप्रिल २०२४ पासून कैदेच्या जागी दंड आला, पण तो दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. पंधरा लाख म्हणजे आपल्याकडच्या कोरडवाहू माणसाचे रान गेलेच की.

आता वांग्याकडे या, कारण ते आपल्या घरचे आहे. जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात, आणि त्या पाळण्यात बियाण्याच्या धंद्याचे पोर वाढले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला दाद न देणारे बी.टी. वांगे याच कंपनीने तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये दिल्लीच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ठिकठिकाणच्या जाहीर सभांतून लोकांचे ऐकून घेतले आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांगे स्थगित केले. ती स्थगिती अजून उठलेली नाही. इकडे बांगलादेशाने २०१३ साली त्याच वांग्याला मान्यता दिली, आणि तिथला शेतकरी ते उघड बाजारात नेतो. जालन्याच्या कंपनीने घडवलेले वांगे ढाक्याला भाजी आणि जालन्यात गुन्हा!

मी काही बी.टी.चा वकील नाही. विरोध करणाऱ्यांचेही शेतकऱ्यांतलेच लोक आहेत. १९९८ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने रायचूर जिल्ह्यात बी.टी. कपाशीच्या चाचणीचा प्लॉट उपटून जाळला. २००६ साली हरियानात कर्नालजवळ किसान युनियनने महिकोच्या बी.टी. भाताची चाचणी जाळली. परदेशातही हे झाले आहे. फ्रान्सच्या जोझे बोवे या शेतकरी पुढाऱ्याने १९९९ साली संशोधन केंद्रातली भाताची रोपे उपटली आणि २००३ साली तो तुरुंगात गेला. इंग्लंडात त्याच १९९९ साली लॉर्ड मेल्चेट आणि सत्तावीस साथीदार मक्याच्या शेतात शिरले. पंचांपुढे खटला चालला आणि २००० साली ते निर्दोष सुटले. एकाच्या वाट्याला कोठडी आणि दुसऱ्याला सुटका.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दुसऱ्याच्या उभ्या पिकाला हात लावणे मला कधीच पटले नाही. चाचणीचा का असेना, तो कुणाचा तरी प्लॉट असतो, आणि पेरणारा पाणी धरायला रात्री उठलेला असतो. स्वतःच्या रानात, स्वतःच्या नावाने पेरून "लावा गुन्हा" म्हणणे ही वेगळी गोष्ट. कायदा मोडला हे खरेच, आणि मी सरकारी नोकर असल्याने तसे म्हणायलाही मी बांधलेला आहे. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर सरकारने इतकी वर्षे का देऊ नये? नाही म्हणायचे तर कारण सांगून नाही म्हणा. निर्णय लोंबकळत ठेवला की मधल्या अंधारात मोटारसायकलवाला हिंडतो.

आबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बी कदाचित एकच असेल. अकोटला जे बसले होते त्यांना आपण काय पेरतो ते ठाऊक होते, काय होईल ते ठाऊक होते, आणि त्यांच्यामागे संघटना व वकील होते. तुम्हाला यातले काहीच नव्हते. त्यांनी गुन्हा स्वतःहून अंगावर घेतला. तुमच्या अंगावर तो विकणाऱ्याने टाकला आणि पैसे घेऊन तो पुढच्या गावाला गेला. आणि खोटा माल तरी खऱ्या वाणाचा असावा ना! तुमच्या सरकीत तणनाशक सोसणारा गुण असता तर कपाशी जळलीच नसती. चोर बी.टी.च्या नावाखाली साधे बी खपवणाऱ्याला काय भीती? फसलेला माणूस तक्रारीला जाणार नाही हे त्याला पक्के माहीत असते.

खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे मी नाकारत नाही. आषाढात सलग झड लागली की कोळपे चालत नाही आणि गवत गुडघ्याला येते. पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे कपाशीत तुरीची ओळ असते. ग्लायफोसेट कपाशीला सोडील, तुरीला सोडणार नाही. वारा असला तर शेजारच्या मुगालाही नाही, आणि मग भाऊबंदकीत आधीच काय कमी असते? शिवाय हे औषध उभ्या कपाशीत फवारायला आपल्याकडे मान्यताच नाही. आणि खुरपणीच्या हजेरीवर गावातल्या किती बायकांच्या घरी तेल-मीठ येते, हे तुमच्या घरातल्या बाईमाणसाला विचारा. चर्चेला कुणी बायकांना बोलावत नाही म्हणून इथे लिहिले. बोंडअळीचे म्हणाल तर तणावर चालणारी सरकी गुलाबी बोंडअळीला अडवत नाही. २०१७ साली मान्यतेच्या बी.टी.तही या अळीने आपल्या मराठवाड्याचे काय केले ते आपण पाहिले आहे.

आता कामाचे. बॅग परवाना असलेल्या कृषी सेवा केंद्रातून घ्या. पावतीवर वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळला तरी लिहूनच घ्या. बॅग, तिच्यातला टॅग आणि मूठभर बी वेचणी होईपर्यंत डब्यात ठेवा. उगवण कमी झाली किंवा वाण भलताच निघाला तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. तालुक्याची तक्रार समिती शेतात येऊन पंचनामा करते. तोवर पीक मोडू नका, नाहीतर आम्ही पाहायचे काय? तो पंचनामा हाती असला की ग्राहक आयोगाकडेही जाता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

आबा त्या वर्षी मोडलेल्या रानात उशिराने बाजरी पेरून मोकळे झाले. गेल्या मृगाला ते पुन्हा आले, तेव्हा पावती धोतराच्या कनवटीतून काढून दाखवली. पावसाने ती भिजली होती आणि लॉट नंबर पुसला होता. आम्ही दोघे दुकानात गेलो आणि नवी करून आणली. तेव्हा मंडळी, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

पुढच्या अंकी फरदडीविषयी लिहीन.