ऑनलाइन धडा वर्गातच दाखवा

माध्यमिक शाळांत ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अध्यापनाची सांगड घालायची म्हटलं की बहुतेकांना एकच वाटणी सुचते: थोडं शाळेत शिकवायचं, उरलेलं मुलांनी घरी मोबाइलवर पाहायचं. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात ती सोयीचीही वाटते. पण जुलै २०२१ आठवावा. साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यात दरडी कोसळल्या, शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गावची वाडी गाडली गेली, आणि त्याच वेळी वीज गेली, मोबाइलची रेंजही गेली. मूल शाळेत पोचू शकत नाही अशा दिवशी ऑनलाइन तासही त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ऑनलाइनचा भाग शाळेतच, शिक्षकांच्या देखत व्हायला हवा.

'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२१च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे ६८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; तरी त्यांतल्या जवळपास चौथाई मुलांच्या हाती तो येतच नव्हता. मिश्र पद्धतीच्या बाजूने अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा २०१०चा आढावा पुढे केला जातो. मिश्र वर्ग निव्वळ प्रत्यक्ष वर्गांपेक्षा सरस ठरले, हे त्यात आहेच. पण त्या मुलांना बहुधा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, शिवाय शालेय वयावरचे अभ्यास मोजकेच होते, हेही त्याच आढाव्यात आहे. म्हणजे श्रेय एकट्या पडद्याला देता येत नाही. दहावीचा भिंगांचा धडा घ्या. वस्तू नाभीच्या आत सरकली की प्रतिमा कुठे जाते, हे चित्रफितीत फळ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. पण ती तिथेच थांबवून 'आता प्रतिमा सुलटी का झाली?' असं विचारायला, आणि चुकलेली किरणाकृती वहीत दुरुस्त करून द्यायला बाई किंवा सरच लागतात.

मग पावसात बुडालेल्या दिवसांचं काय? त्यासाठी जूनमध्येच छापील स्वाध्याय हाती द्यावेत. त्यांना रेंज लागत नाही. यात शिक्षकांचं काम वाढेल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे त्यांची अशैक्षणिक कामं कमी करणं. पडदा आला म्हणून शिक्षकाचं पद रिकामं ठेवायची मुभा मात्र कुणालाही मिळता कामा नये. शाळा व्यवस्थापन समित्यांनी टॅबच्या वाटपाआधी प्रत्येक वर्गासाठी एक प्रोजेक्टर, वीज साठवणारा इन्व्हर्टर आणि आधीच उतरवून ठेवलेले धडे मागावेत.