कापड हाताला कळतं

पितृपंधरवडा संपायच्या आतच नवरात्राच्या नऊ रंगांची यादी फोनवर फिरायला लागते. वर्तमानपत्रातून सुरू झालेली ही प्रथा जेमतेम वीस-बावीस वर्षांची. धर्मशास्त्रात तिला आधार नाही. तरी लोकलचा बायकांचा डबा एका सकाळी पिवळाधमक झालेला बघण्यातला आनंद अस्सल आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पहिल्या काही वर्षांत या रंगांची सगळी मजा कपाट उपसण्यात होती. करडी साडी कुणाकडे आहे? शेजारच्या काकूंकडे. मोरपिशी? ती धाकट्या जावेकडे. साड्या या घरातून त्या घरात जायच्या आणि दसऱ्यानंतर धुऊन, इस्त्री करून परत यायच्या. आता यादी आली की सरळ खरेदी सुरू होते. दुकानं नऊ कुर्त्यांचे संच मांडतात.

ती यादी शांतपणे वाचली तर लक्षात येतं की रंग बहुतेक दरवर्षी तेच असतात, फक्त वाराप्रमाणे क्रम बदलतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी आणि उरलेल्या दोन दिवसांना बहुधा मोरपिशी नि गुलाबी. म्हणजे एकदा घरात हे रंग जमले की यादीसाठी काही विकत घ्यायचं कारणच उरत नाही. तरी घेतलं जातं, कारण गेल्या वर्षीच्या पिवळ्या साडीतला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. कपडा ‘रिपीट’ झाला ही लाज आपल्याकडे फोटोंनी आणली. माझ्या आईच्या पिढीत एका बाईची एक ठरलेली लग्नातली साडी असायची. ती नेसून आली की लोक तिला लांबून ओळखायचे, आणि त्यात कमीपणा नव्हता.

कपड्यांची खरेदी कमी करायचा निश्चय खूप जण करतात. यंदा एकही नवा ड्रेस नाही, असं पाडव्याला ठरतं आणि आषाढातल्या सेलपर्यंत मोडतं. निश्चय मोडला म्हणून माणूस दुबळा ठरत नाही. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न मनावर ताबा ठेवण्याचा कमी आणि कापडाच्या ओळखीचा जास्त आहे. ज्याला कापड कळतं त्याला दुकानातल्या दहा वस्तूंतल्या नऊ आपोआपच नकोशा होतात. आपल्याकडे ही ओळख घराघरांत होती. ती एका पिढीत विसरली गेली, आणि ती गेल्यावर उरला तो फक्त रंग आणि किंमत.

जुन्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेली एखादी मावशी आठवा. दुकानदार घड्यांवर घड्या उलगडत असायचा आणि ती बोलत कमी असायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पदर धरून चोळायची. कापड मुठीत दाबून सोडायची आणि चुण्या किती राहतात ते बघायची. साडी उलटी करून मागचे धागे पाहायची, मग “जरा उजेडात दाखवा” म्हणून थेट दुकानाच्या पायरीवर यायची. पैठणी घेताना तर मागची बाजू हाच खरा पुरावा. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीची नक्षी पुढून आणि मागून सारखी दिसते, कारण रंगीत धागा जिथल्या तिथे गुंफत विणलेला असतो. यंत्रमागाच्या स्वस्त नकलेत मागे सुटे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. घरी आल्यावर शंका उरलीच तर काठाचा एक धागा काढून वातीवर धरायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची टणक काळी गोळी होते. एवढी प्रयोगशाळा प्रत्येक स्वयंपाकघरात होती.

आता रात्री अकराला, दिवसभराचा शीण अंगात असताना, आपण फोनवर जे बघतो ते कापड नसतं. तो उजेड नीट लावून काढलेला फोटो असतो, आणि कपडा अंगावर चपखल बसावा म्हणून मॉडेलच्या पाठीमागे चिमटे लावण्याची पद्धत त्या धंद्यात अगदी नेहमीची आहे. शेजारी उलटं धावणारं घड्याळ आणि ‘फक्त दोन शिल्लक’ अशी पाटी. बोटांना काही विचारायची सोयच नाही, मग डोळे आणि घाई मिळून निर्णय घेतात. परत करता येतं हा दिलासा तर सगळ्यात फसवा. परत गेलेला प्रत्येक कपडा पुन्हा विक्रीला जातोच असं नाही, आणि बऱ्याच वेळा आपण तो परत करतही नाही. राहू दे, घरात घालीन, म्हणून तो चवडीच्या तळाशी जातो.

या घाईत पॉलिस्टर घरात शिरलं. जगात आज जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिस्टरचा असतो. रेनकोटला, शाळेच्या दप्तराला ते उत्तम आहे, त्यावर माझा राग नाही. पण मुंबईच्या, रत्नागिरीच्या, पणजीच्या दमट हवेत ते दिवसभर अंगावर वागवणं म्हणजे त्वचेवर अन्याय आहे. साध्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतं. पॉलिस्टरची कुवत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून घाम कापडात जात नाही, अंगावरच राहतो, आणि दोन धुण्यांनंतर त्या कुर्त्याला जो वास धरतो तो साबणाने जात नाही. मग तो मागे पडतो आणि आपल्याला वाटतं, घालायला काही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. आपल्या घरांत कापडाला म्हातारपण होतं. जुनं धोतर बाळाची दुपटी व्हायचं, नऊवारीची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि अगदी शेवटी चिंधी. मधल्या टप्प्यावर बोहारीण दाराशी यायची, जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं द्यायची, आणि त्या देवघेवीत प्रत्येक कपड्याची किंमत मोठ्याने ठरायची. पॉलिस्टरचं साधं फडकंसुद्धा होत नाही, कारण ते पाणी टिपत नाही. नुसतं ओट्यावरून पाणी इकडून तिकडे सारतं. ज्या कपड्याचं फडकं होत नाही तो घेताना दोनदा विचार करावा, एवढी साधी कसोटी मी लोकांना सांगते. ती बहुतेक वेळा पुरते.

किमतीबद्दलही थेट बोललं पाहिजे. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवर शिवणकामाचे कारखाने होते, तिथल्या कामगारांना मात्र कामावर बोलावून घेतलं. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुसंख्य बायका. त्या कारखान्यांत युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी कपडे शिवले जात होते. आपण त्या दुकानांचे गिऱ्हाईक नव्हतो असं म्हणून सुटता येत नाही, कारण स्वस्त आणि झटपट हे गणित आता आपल्याही बाजारात तेच आहे. ज्या राज्यात मुंबईचा १९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरणगाव उठलं, त्या राज्यातल्या वाचकाला कापडामागे माणूस असतो हे वेगळं सांगायची गरज नसावी. तरी दोनशे रुपयांच्या टॉपवर बोट ठेवताना आपण ते विसरतो. कापूस, सूत, रंग, कापणी, शिवण, गुंडी, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा हे सगळं दोनशेत बसवायचं तर शिवणारीच्या हातात किती पडत असेल, हा हिशोब कुणालाही करता येईल.

आता घरच्या कपाटाकडे. आपली कपाटं खोल असतात आणि चवडी उंच, त्यामुळे वरचे चार कपडे आलटून पालटून वापरले जातात आणि खालचे दिसतच नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी सगळं पलंगावर काढावं, आणि टाकायचं काय हे ठरवण्याआधी प्रत्येक कपडा का अंगाला लागत नाही ते शोधावं. साड्यांच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमी एकच निघतं: ब्लाऊज. साडी सुंदर आहे, पण ब्लाऊज दंडात रुततो, किंवा तो कधी शिवलाच नाही, ब्लाऊजपीस तसाच घडीत पडून आहे. फॉल-पिको राहिलेल्या साड्या निघतात. आहेरात आलेल्या, कुणाला तरी देऊ म्हणून ठेवलेल्या, देण्याघेण्याच्या फेऱ्यात अडकलेल्या साड्या निघतात. ही आहेराची साडी आपल्या समाजातली सगळ्यात उपेक्षित वस्तू असावी. ती घेणाऱ्याने स्वतःसाठी निवडलेली नसते, देणाऱ्याने दुसऱ्याला आवडेल म्हणून निवडलेली नसते, आणि विणणाऱ्यालाही ती अशीच फिरत राहणार हे माहीत असतं म्हणून ती तशीच विणली जाते. लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापणाऱ्यांनी त्या ओळीला चिकटून राहावं आणि स्वतःही मानपानाच्या साड्यांचा गठ्ठा आणू नये, एवढं झालं तरी कित्येक कपाटं मोकळी होतील.

ब्लाऊजवर उपाय आहे. काळा, मरून आणि मोतिया असे साधे तीन आणि एखादा खणाचा किंवा इकतचा ब्लाऊज, नीट मापाचा, चांगल्या अस्तराचा शिवून घेतला तर दहाबारा साड्या त्या दिवसापासून नेसता येतात. नव्या साडीच्या किमतीत हे होतं. माझ्या ओळखीत जिने जिने हे केलं तिची साड्यांची खरेदी पुढच्या वर्षी आपसूक उतरली, कारण तिला नेसायला साड्या सापडल्या. पुरुषांच्या बाबतीत हेच काम पँटची उंची आणि शर्टाची कॉलर करते.

यासाठी शिंपी लागतो, आणि तो आता गल्लीत सहज मिळत नाही. आमच्या भागातले शिंपीकाका कापड पसरून खडूने रेघ मारताना शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवतात. “असू द्या ताई, दोन वर्षांनी उसवून देईन,” म्हणतात. तयार कपड्यात ही माया नसते. कापड वाचवायला ती कापून टाकलेली असते, म्हणून अंग थोडं भरलं की तो कपडा संपला. दुकानात तयार कुर्ता घेताना मी आधी तो उलटा करते. आत माया किती सोडली आहे, टाके दाट आहेत की विरळ, पट्ट्या-चौकडी कडेच्या शिवणीला जुळतात का, गुंडीचं काज नीट विणलंय का, हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कापड घेऊन शिवून घेण्याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे वाट बघावी लागते. माप, कच्ची शिवण, पुन्हा फेरी, यात दोनतीन आठवडे जातात. एवढा वेळ टिकेल इतकी जी इच्छा असते तीच फक्त कपडा होऊन घरात येते.

तयार कपड्यांसाठीही हीच युक्ती करता येते. हवीशी वाटलेली वस्तू वहीत तारखेसह लिहायची, आणि शेजारी हेही लिहायचं की ती घरातल्या कोणत्या कपड्यांबरोबर जाईल. महिन्यानंतर ते पान उघडायचं. मला हे फोनपेक्षा कागदावर बरं वाटतं, कारण ज्या फोनवर यादी आहे त्याच फोनवर दुकानही उघडं असतं.

आणि घ्यायचंच, तेव्हा मन मोठं करून घ्यावं. काटकसर हा माझा मुद्दा नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून जास्त लोक हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर जगतात, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वर्षाला चार सवंग साड्यांऐवजी तीन वर्षांतून एक येवल्याची पैठणी किंवा विदर्भातली करवत काठाची टसर घेतली तर पैसे तेवढेच जातात आणि योग्य हातात जातात. मग तिला सांभाळावं. सुती मऊ कापडात गुंडाळून ठेवावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालावी, कारण जरीचा धागा नेहमी घडीच्या रेघेवरच तुटतो.

उरले ते कपडे, जे खरोखरच आपले नाहीत. ते देताना घाईने पिशवी भरून ‘कुणाला तरी द्या’ म्हणू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देणगीच्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण ते तिथल्या माणसांच्या उपयोगाचेच नव्हते. १९९९ पासून कपड्यांवर काम करणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्थांना असे ढीग निवडत बसावं लागतं. ‘गूंज’चे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी, जुना कपडा ही दया नसून कष्टाचा मोबदला आणि सन्मानाची वस्तू आहे असं मानणाऱ्या कामासाठी. सुती फाटके कपडेही त्यांच्या कामी येतात, त्यांचे सॅनिटरी पॅड शिवले जातात. म्हणून देण्याआधी कपडे धुवावेत, तुटलेली गुंडी लावावी, नाडी ओवावी. सलवारीसोबत तिची कमीज आणि ओढणी बांधावी, आणि साडी देत असाल तर तिचा ब्लाऊज आणि परकर त्याच घडीत ठेवावा.