पंक: पिनांपलीकडे

पंक म्हणजे रंगवलेले केस, फाटके कपडे आणि सेफ्टी पिना, ही समजूत आम्हांला मान्य नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पंकचे प्रदर्शन भरवले, तेही वेशभूषा विभागातर्फे! मँचेस्टरच्या बझकॉक्सने आप्तमित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेस प्रती १,०००. गाण्याचा कितवा प्रयत्न अखेर स्वीकारला, हेही वेष्टनावर छापले. ध्वनिमुद्रणाभोवतीचे गूढच त्यांनी संपवले. सेक्स पिस्टल्सचा गाजावाजा अधिक झाला खरा. परंतु त्यांच्या तबकड्या आधी ईएमआयने काढल्या, मग व्हर्जिनने. पंकची थोरवी शिव्यांत शोधणाऱ्या समीक्षकांनी हा फरक आधी विचारात घ्यावा.