सिकलसेलची मुले वाचली, आता त्यांच्या कामाचे बघू या



विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. रात्रभर हातपाय दुखून रडणारे लेकरू, रक्त चढवायला दवाखान्याच्या चकरा, बुडालेली शाळा हे किती घरांनी सोसले आहे! आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा लेकरू जगेल का, एवढीच आईबापांची चिंता असे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि वेळेवर उपचार मिळालेली कितीतरी मुले आज विशीत आहेत. आता तीच आम्हाला विचारतात, "सिस्टर, मी काम काय करू?"

वस्तीत पटकन मिळते ते बांधकामावरचे, हमालीचे, नाहीतर लग्नातल्या केटरिंगचे काम. पण अतिश्रम, थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे यांनीच दुखण्याचा झटका येतो. चार दिवस कामावर गेलेला पोरगा पुढचे आठ दिवस खाटेवर पडतो. ठेकेदार त्याला आळशी म्हणतो, घरचेही म्हणतात. पोरगा आळशी नाही, काम त्याच्या शरीराला झेपणारे नाही. म्हणून या मुलामुलींना शिक्षण औषधाइतकेच गरजेचे आहे. हिशेब, संगणक, शिवण, शिक्षकी असे सावलीत बसून करता येणारे काम दहावीपासूनच डोळ्यांसमोर ठेवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो, प्रवेशाच्या वयात 5 वर्षांची सूटही आहे. हे प्रमाणपत्र ग्रस्तांसाठी आहे, नुसत्या वाहकांसाठी नाही.

मात्र सरकारी नोकरीतल्या 4 टक्के दिव्यांग आरक्षणात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया धरलेलेच नाहीत. शिकायला जागा आणि नोकरीला दार बंद, हा कुठला न्याय? कायद्यात दुरुस्ती व्हावी, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनांत आणि निवडणुकीत लावून धरलीच पाहिजे.

पण आपलीही एक चूक आहे. "पोरीचे लग्न जुळणार नाही" म्हणून आपण रिपोर्ट पेटीत दडवतो. रिपोर्ट दडवला की प्रमाणपत्र नाही, आणि हक्कही नाही. आजार रक्तातला आहे, त्यात लाज कसली?

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. शिकलेल्या तरुणांनी अर्ज भरून द्यावेत, एकाने सोबत जिल्हा रुग्णालयात जावे. लेकरू वाचवायला आपण धावलो, त्याला पायावर उभे करायलाही धावू या.