सावकाश म्हणजे चांगलेच?
सीडी जितकी सावकाश ‘राइट’ कराल तितकी चांगली, हा समज सरसकट खरा नाही. लेझरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरात उमटणारी सर्वांत छोटी खूण जेमतेम ०.८३ मायक्रॉनची, उष्णतेचे गणित चुकले की तिची कड सरकते आणि वाचताना चुका वाढतात. ५२एक्सच्या, म्हणजे ५२ पट वेगाने ‘राइट’ होणाऱ्या डिस्कचे रंगद्रव्य क्षणभराच्या तीव्र झोताला जुळवलेले असते; तिला अगदी संथ गतीने भाजणे म्हणजे उलटाच उद्योग. कुणी म्हणेल, डिस्क चालते ना, मग झाले! चालणारच, सेकंदाला सरासरी २२० चुकांची मुभा मानकातच आहे, आणि त्या दुरुस्तही होतात. पण ओरखडे सोसायची ताकद त्यातच खर्ची पडते. तेव्हा मधला वेग निवडा आणि डिस्क तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.